व्हिस्कीच्या परीक्षणात पाण्याचा हिशेब का नसतो?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत निरनिराळ्या डिस्टिलऱ्यांच्या व्हिस्कींची परीक्षणे आणि टेस्टिंगच्या कार्यक्रमांचे वृत्तान्त येतात. ते आम्ही नेमाने वाचतो, आणि या विषयाला मराठीत जागा मिळते याचा आनंदच आहे. पण जवळजवळ प्रत्येक परीक्षण एकाच साच्यातले असते: वासात मध आणि व्हॅनिला, चवीत सुका मेवा, शेवटी थोडा धूर, आणि खाली ‘91 गुण’. मद्यार्क किती टक्के असताना चाखली, पाणी घातले का आणि किती, बाटली त्याच दिवशी उघडली की तळाला आलेली होती, लेबल दिसत होते की झाकलेले, याबद्दल एक अक्षर नसते. त्यामुळे वाचकाला तोच अनुभव स्वतः पडताळून पाहता येत नाही, आणि पडताळता न येणारे परीक्षण म्हणजे नुसता शेरा. आमचे म्हणणे एवढेच आहे की चवीइतकीच ती कोणत्या परिस्थितीत घेतली याची नोंद छापली गेली पाहिजे. का, ते सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात. ‘दोन-तीन थेंब पाणी टाकताच व्हिस्की खुलली’ हे वाक्य हमखास भेटते. हिशेब करून पाहा. ड्रॉपरचा एक थेंब साधारण 0.05 मिली. 46 टक्क्यांच्या 20 मिली व्हिस्कीत तीन थेंब टाकले, तर मद्यार्क 45.7 टक्क्यांवर येतो. एवढ्या फरकाने फारसे काही होत नाही. ग्लास फिरवल्याने आणि मधल्या चार-पाच मिनिटांत हवा लागल्याने जो बदल होतो, त्याचे श्रेय थेंबांना मिळते. खरा बदल पाहायचा तर पाणी मिलीत मोजावे लागते. सूत्र सोपे आहे: मूळ टक्केवारीला हव्या त्या टक्केवारीने भागायचे, आलेल्या उत्तरातून एक वजा करायचा आणि ग्लासात जितके मिली आहेत त्याने गुणायचे. म्हणजे पिपातून काढलेली, पाणी न घातलेली 60 टक्क्यांची 20 मिली व्हिस्की 45 वर आणायला 6.7 मिली पाणी लागते आणि 40 वर आणायला 10 मिली. मद्यार्क आणि पाणी मिसळले की आकारमान किंचित आटते, पण ग्लासभर कामाला तो फरक सोडून देता येतो. औषध मोजायची 5 मिलीची सिरिंज, सुई काढून, या कामाला उत्तम.

पाण्याने वास बदलतो यामागे कारण आहे. 2017 मध्ये स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ग्वायकॉल या धुरकट वासाच्या रेणूचे संगणकावर प्रतिरूप मांडले. मद्यार्क 45 टक्क्यांपर्यंत असला तर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाशी, हवेच्या कडेला राहतो. 59 टक्क्यांच्या वर गेला की इथेनॉलचे रेणू त्याला वेढून आत ओढून नेतात, असे त्यात दिसले. संगणकातले मिश्रण म्हणजे ग्लासातली व्हिस्की नव्हे, तिथे शेकडो घटक एकमेकांत गुंतलेले असतात. तरीही पीटच्या (दलदलीतली, वाळवून जाळण्याजोगी कुजकट माती) धुराची, 58-60 टक्क्यांची व्हिस्की फक्त कोरी हुंगून ‘धूर बेताचाच’ असे लिहिणाऱ्याने ती निम्मीच तपासली, असे आम्ही म्हणू. उलट बाजूही आहे. लांब साखळीची एस्टरे (आंबवताना तयार होणारी वासाची संयुगे) पाण्यात नीट विरघळत नाहीत. पाणी वाढले की ती गोळा होतात आणि काही फळांचे वास स्वतःत अडकवून ठेवतात. म्हणून तीच व्हिस्की जास्त पातळ केली की धूर पुढे येतो आणि फळ मागे सरते. परीक्षकाने दोन्ही टक्केवाऱ्यांवर वास घ्यावा आणि दोन्ही लिहाव्यात.

ग्लास ढगाळ झाला म्हणून व्हिस्की बिघडली, असेही एका वृत्तान्तात वाचले. तो दोष नाही. तीच एस्टरे आणि मेदाम्ले गार झाल्यावर किंवा पाणी घातल्यावर दिसू लागतात. ग्राहक बिचकू नये म्हणून पुष्कळ कंपन्या बाटलीत भरण्यापूर्वी व्हिस्की शून्य अंशाच्या आसपास गार करून गाळतात आणि हे घटक काढून टाकतात. 46 टक्के किंवा त्याहून वर भरलेली व्हिस्की सहसा आपोआप स्वच्छ राहते, म्हणून न गाळलेल्या व्हिस्कीच्या लेबलवर 46 हा आकडा वारंवार दिसतो. पाणी घालताच पांढुरकी झाक आली, तर गार गाळणी झालेली नाही एवढा अंदाज बांधावा.

ब्लेंडर मंडळी, म्हणजे निरनिराळ्या पिपांतली मद्ये मिसळून व्हिस्की जुळवणारे लोक, कामाच्या वेळी बहुतेक नमुने 20 टक्क्यांपर्यंत पातळ करून नुसते हुंगतात, तोंडात घेतही नाहीत. 46 टक्क्यांच्या 20 मिलीला त्यासाठी 26 मिली पाणी लागते. प्यायला हे मिश्रण बेचव वाटेल, पण मद्यार्काची झणझण गेल्यामुळे लपलेले दोष उघडे पडतात. ज्याला परीक्षण लिहायचे आहे त्याने निदान एक ग्लास असा तपासावा. पाणी खोलीच्या तापमानाचे, कमी क्षारांचे आणि क्लोरिनचा वास नसलेले हवे. क्लोरिन आणि धुरातली फिनॉले (धुरकट वास देणारी संयुगे) एकत्र आली की जंतुनाशकासारखा वास वाढू शकतो, आणि तो नाहक डिस्टिलरीच्या नावावर जमा होतो.

ग्लासाबद्दल थोडक्यात. खाली फुगीर आणि वर निमुळता हवा. 2001 मध्ये बाजारात आलेला ग्लेनकेर्न, शेरी या स्पॅनिश वाइनसाठीचा कोपिता किंवा वाइन चाखायचा आयएसओ ग्लास, तिन्ही चालतात. रुंद तोंडाच्या टम्बलरमधून सुगंध ग्लासाबाहेरच निघून जातो. पण आकारापेक्षा स्वच्छता महत्त्वाची: सुगंधी साबणाने धुतलेला किंवा कपाटात उपडा ठेवलेला ग्लास आधी रिकामा हुंगून पाहावा. साबण किंवा लाकडी फळीचा वास तिथेच सापडतो. ‘साबणासारखी चव’ असा शेरा मारण्यापूर्वी दुसऱ्या ग्लासात ओतून खात्री करावी.

आता प्रत्यक्ष हुंगण्याकडे येऊ. व्हिस्की ओतल्यावर काचेच्या चकतीने किंवा छोट्या बशीने ग्लास झाकून दहा मिनिटे ठेवावा. झाकण काढले की नाक एकदम आत खुपसायचे नाही. तोंड किंचित उघडे ठेवून नाक काठाच्या बाहेर, बोटभर वर धरायचे आणि छोटे, हलके दोन-तीन श्वास घ्यायचे. खोल दम घेतला की मद्यार्काने नाक बधिर होते आणि पुढची दोन-तीन मिनिटे वाया जातात. मग ग्लास तिरपा धरून काठाच्या वरच्या कडेशी आणि खालच्या कडेशी वेगवेगळे हुंगावे. पुष्कळदा वरच्या कडेला हलके, फळफळावळीचे वास आणि खालच्या कडेला जड, लाकडाचे आणि धुराचे वास सापडतात. पहिले जे सुचेल ते लगेच लिहून ठेवावे. पाचव्या मिनिटाला सुचलेले वेगळ्या रकान्यात. नाक एकाच वासाला चटकन सरावते, म्हणून मधून मधून ग्लास बाजूला ठेवून स्वतःच्या बाहीचा वास घ्यावा. कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत आम्हाला पटत नाही, कारण तो आणखी एक तीव्र वास होतो.

पहिला घोट हिशेबात धरू नये. तो फक्त तोंडाला मद्यार्काची सवय व्हावी म्हणून. दुसरा घोट 3 ते 5 मिलीचा, दहा-पंधरा सेकंद तोंडात सगळीकडे, जिभेखालीही फिरवायचा. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर ओठ मिटून नाकावाटे श्वास सोडायचा, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग मागच्या वाटेने नाकात पोचलेला वास असतो. शेवट ‘लांब’ आहे असे लिहू नये, घड्याळ पाहून लिहावे: 15 सेकंदांनी गोडवा संपला, 40 सेकंदांनी धूर आणि तुरटपणा उरला. ही एक ओळ दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगते.

वर्णनातल्या उपमांचाही विचार व्हावा. वाचकाने कधी न हुंगलेल्या विलायती बोरांची नावे देण्यापेक्षा वासाचे मूळ सांगणारे शब्द घ्यावेत. ओले खोबरे म्हटले की अमेरिकन ओकमधले लॅक्टोन आले, लवंग म्हटली की युजेनॉल, व्हॅनिला म्हणजे पीप भाजताना लाकडातल्या लिग्निनपासून झालेले व्हॅनिलिन, आयोडीन आणि मलमपट्टी म्हणजे पीटच्या धुरातली क्रेसॉले. अशी उपमा वाचकाला वासाबरोबर कारणही देते.

दोषांबद्दल तर परीक्षणांत अवाक्षर नसते, जणू बाटलीत दोष असूच शकत नाही. काडी पेटवून विझवल्यासारखा किंवा जळक्या रबराचा वास आला तर तो गंधकाचा. वाइनची पिपे जंतुमुक्त ठेवण्यासाठी त्यांत गंधकाची वात जाळतात, तिचा अंश शेरीच्या पिपात राहून व्हिस्कीत उतरतो. उकडलेल्या कोबीचा किंवा मांसाच्या रश्शाचा वास हाही गंधकाच्याच घराण्यातला, पण तो भट्टीतून येतो आणि पिपात वर्षे गेली की पुष्कळसा निवळतो. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास म्हणजे बहुधा बूच खराब. त्या बाटलीवर डिस्टिलरीचा निकाल लावू नये, त्याच बॅचची दुसरी बाटली उघडून पाहावी. नेलपेंट पुसायच्या द्रवाचा झणका इथिल ॲसिटेटचा. तो थोडा असतोच, पण सर्वांत आधी तोच जाणवला तर काहीतरी चुकले आहे. ओकारीसारखा आंबूस वास ब्युटिरिक आम्लाचा, आंबवण्याच्या टाकीत नको ते जंतू शिरल्याची खूण. आणि घामट मोजे, शिळे चीज, ओले चामडे असे काही एकत्र आले, तर भट्टीवाल्याने धार उशिरा तोडली.

ही धार तोडण्याची गोष्ट मराठी वाचकाला मुद्दाम सांगण्यासारखी आहे. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ ही दाद आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू) व्हिस्कीच्या दुसऱ्या उकळीत मात्र पहिली धार पिपापर्यंत पोचतच नाही. सुरुवातीची, झोंबऱ्या वासाची धार वेगळी काढतात. मग साधारण 75 टक्क्यांपासून 60-65 टक्क्यांपर्यंतचा मधला भाग पिपांसाठी ठेवतात आणि पुढची शेपटाची धार पहिल्या धारेसह पुढच्या खेपेत पुन्हा उकळायला जाते. धुरातली फिनॉले बरीचशी उशिरा येतात, म्हणून पीटवाल्या डिस्टिलऱ्या धार जरा उशिरापर्यंत चालू ठेवतात. किती उशिरा, यावरच धूर आणि घाम यांतली सीमा ठरते.

इथेच आणखी एक गैरसमज निघतो. ‘35 पीपीएम’, ‘50 पीपीएम’ (दहा लाख भागांत फिनॉलांचे इतके भाग) हे आकडे बाटलीतल्या धुराचे माप म्हणून छापले जातात. तो आकडा धुराने वाळवलेल्या माल्टचा असतो. दळणे, आंबवणे, उकळणे यांत बरीच फिनॉले मागे राहतात आणि पिपात वर्षे गेली की आणखी कमी होतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या लागावुलिन आणि काओल ईला या दोन्ही डिस्टिलऱ्यांना पोर्ट एलनच्या माल्टघरातून साधारण 35 पीपीएमचाच माल्ट जातो. तरी लागावुलिन जड, दाट. काओल ईला हलकी, स्वच्छ. माल्ट तोच, फरक भट्ट्यांचा: त्यांचा आकार, त्या किती भरतात, किती सावकाश उकळतात आणि धार कुठे तोडतात.

तांब्याचेही तसेच. वाफ तांब्याला जितकी जास्त घासत जाते तितके गंधकाचे घटक तांब्यावर अडकून राहतात आणि मद्य हलके होते. वाफ थंड करायला जुन्या पद्धतीने पाण्याच्या हौदात तांब्याची वळणदार नळी बुडवलेली असली तर तांब्याशी संपर्क कमी येतो आणि मद्य मांसल, जड उतरते. मॉर्टलॅक आणि क्रेगेलाकी या डिस्टिलऱ्या त्याची उदाहरणे. डॅलविनीने 1986 मध्ये हे हौद काढून नव्या पद्धतीचे कंडेन्सर बसवले, पण मद्याचा स्वभावच बदलला, म्हणून 1995 मध्ये पुन्हा हौद आणले. क्लायनलिशची मेणचट चव मद्य साठवण्याच्या टाक्यांत बसणाऱ्या साक्याशी जोडलेली आहे. टाक्या घासून लख्ख केल्या तेव्हा ती चवच गेली होती. आंबवण्याचा काळही असाच बोलतो. पन्नासेक तासांत उरकले तर मद्यात धान्याचा, कवचाच्या फळांचा वास राहतो; ऐंशी-शंभर तासांपर्यंत लांबवले तर लॅक्टिक जंतूंना वाव मिळून फळांचे वास वाढतात.

हे सगळे सांगायचे कारण असे की आपल्याकडची परीक्षणे डिस्टिलरीच्या नावावर लिहिली जातात आणि वर्णन मात्र पिपाचे असते. पहिल्यांदाच व्हिस्की भरलेल्या शेरीच्या पिपात बारा वर्षे ठेवलेल्या मद्यात मनुका, लवंग आणि चॉकलेट येणारच, मग ते कोणाचेही असो. डिस्टिलरीचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर तिची बर्बनच्या (अमेरिकेतली मक्याची व्हिस्की) पिपातली, त्यातही पूर्वी एकदोनदा व्हिस्कीला वापरून झालेल्या पिपातली बाटली आधी चाखावी. तिथे लाकूड मागे असते आणि भट्टी पुढे. शिवाय एका छपराखाली एकाच प्रकारचे मद्य निघते असेही नाही. स्प्रिंगबँकच्या डिस्टिलरीत तीन निघतात: अडीच वेळा उकळलेले स्प्रिंगबँक, दोनदा उकळलेले आणि भरपूर पीटचे लॉन्गरो, तीनदा उकळलेले बिनधुराचे हेझेलबर्न.

लेबलवरच्या शब्दांची गल्लत तर सर्रास होते. सिंगल माल्ट म्हणजे एका पिपातली नव्हे, एका डिस्टिलरीतली. एका पिपातली असेल तर सिंगल कास्क, आणि मग पिपाचा क्रमांक परीक्षणात आलाच पाहिजे, कारण शेजारचे पीप वेगळे निघू शकते. लेबलवरचे वय मिश्रणातल्या सर्वांत तरुण मद्याचे असते, सरासरी नव्हे. स्कॉचला 700 लिटरपर्यंतच्या ओकच्या पिपात किमान तीन वर्षे आणि बाटलीत किमान 40 टक्के मद्यार्क हे बंधन आहे. कॅरॅमलचा रंग घालायला मात्र मुभा आहे. बर्बनला किमान 51 टक्के मका आणि आतून जाळलेले कोरे ओकचे पीप लागते, आणि रंग चालत नाही. जपानमध्ये उत्पादक संघटनेने 2021 मध्ये ‘जपानी व्हिस्की’ची व्याख्या ठरवली आणि ती 2024 पासून पूर्णपणे लागू झाली, म्हणून त्याआधीच्या बाटल्यांबद्दल लिहिताना मद्य कोणत्या देशात उकळून काढले हे तपासून लिहावे. वयाची तुलना हवामान न सांगता करू नये. स्कॉटलंडमध्ये पिपातून वर्षाला साधारण 2 टक्के उडून जाते. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीसारख्या उष्ण जागी हे प्रमाण 10 टक्क्यांच्या घरात जाते आणि लाकूडही भराभर उतरते. तिथल्या पाच वर्षांच्या व्हिस्कीला ‘कोवळी’ म्हणणे चूक आहे. तिचा धोका उलटा असतो, लाकडाचा तुरटपणा अती होण्याचा.

रंग पाहून गुण वाढतात, लेबल पाहून त्याहून जास्त वाढतात. यावर एकच उपाय, लेबल झाकून चाखणे. दुसऱ्या माणसाने ओतावे, ग्लासांवर तीन अंकी आकडे लिहावेत, कारण 1-2-3 किंवा अ-ब-क लिहिले की मन पहिल्याकडे झुकते, आणि शक्यतो रंगीत काचेचे ग्लास घ्यावेत. दोन व्हिस्कींत खरेच फरक कळतो का हे पाहायला त्रिकोण चाचणी करावी: तीन ग्लास, दोनांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी, वेगळा ओळखायचा. डोळे मिटून बोट ठेवले तरी तीनात एकदा बरोबर येणार. सहा फेऱ्यांत चार वेळा बरोबर येणे नुसत्या योगायोगाने दहाला एक इतके होते, म्हणजे तो पुरावा नव्हे. पाच वेळा बरोबर आले तर योगायोगाची शक्यता दोन टक्क्यांच्या खाली जाते. ‘जुन्या बॅचपेक्षा नवी बॅच उतरली’ असे ठासून लिहिणाऱ्याने निदान एवढे करावे.

गुणांचे काय? 100 पैकी गुण देताना बहुतेक परीक्षक 80 ते 95 यांच्या बाहेर जात नाहीत, म्हणजे खरी पट्टी पंधराच गुणांची. त्या पट्टीवर आपला हात किती स्थिर आहे हे मोजायला एकच व्हिस्की दोन आकड्यांखाली लपवून रांगेत ठेवायला सांगावी. तिला एकदा 85 आणि एकदा 89 दिले गेले, तर त्या दिवशीचे 87 आणि 90 यांतले अंतर काहीच सांगत नाही. असा लपलेला जोड प्रत्येक बैठकीत असावा आणि त्यातला फरक परीक्षणाखाली छापावा, ही आमची आग्रहाची विनंती आहे.

एका बैठकीत पाच-सहा नमुन्यांपेक्षा जास्त घेऊ नयेत. क्रम कमी मद्यार्काकडून जास्तीकडे, बिनधुराकडून धुराकडे, बर्बनच्या पिपाकडून शेरीच्या पिपाकडे. पीटची एक व्हिस्की मध्ये आली की तिच्या पुढच्या दोघींना धूर चिकटतो. आधीचा तासभर कॉफी, तिखट, टूथपेस्ट आणि अत्तर वर्ज्य. दोन नमुन्यांच्या मध्ये पाणी आणि साधा बिनमिठाचा पाव.

ही सगळी शिस्त टेस्टिंगच्या कार्यक्रमात पाळणे अशक्य आहे, आणि कार्यक्रमांच्या वृत्तान्तातल्या गुणांना आमचा खरा विरोध त्यामुळेच आहे. गर्दीत अत्तरांचा वास, एकच ग्लास पुन्हा पुन्हा, समोर कंपनीचा माणूस कोणता वास शोधायचा ते आधीच सांगतोय, आणि क्रम ठरतो तो कोणत्या टेबलाशी रांग कमी आहे त्यावरून. पंधरा टेबलांवर 20 मिलीप्रमाणे घेतले तर 300 मिली होते. 46 टक्क्यांनी त्यात 138 मिली, म्हणजे शंभर ग्रॅमहून जास्त शुद्ध मद्यार्क. आठव्या ग्लासानंतर लिहिलेली टिपणे कोणाचीही असोत, छापण्याच्या लायकीची नसतात. कार्यक्रमाला जाणाऱ्या परीक्षकाने थुंकण्याचे भांडे वापरावे (थुंकूनही थोडा मद्यार्क अंगात जातोच, म्हणून गाडी चालवायची नाही), पहिल्या पाऊण तासात महत्त्वाचे चार-पाच नमुने उरकावेत, प्रत्येकाला तीनच शब्द लिहावेत, मद्यार्क आणि बॅच क्रमांक टिपून घ्यावा, आणि जे आवडले त्याचा 30 मिलीचा नमुना काचेच्या कुपीत मागून घ्यावा. काठोकाठ भरलेली कुपी नीट बंद केली तर आठवडाभरात शांतपणे चाखता येते. आयलाच्या फेश ईलासारख्या उत्सवात मिळणाऱ्या खास बाटल्यांना तर हे दुप्पट लागू होते, कारण त्या बहुधा जास्त मद्यार्काच्या, कधी एकाच पिपातल्या असतात आणि त्या वातावरणात सगळेच छान लागते.

पदकांबद्दलही थोडी सावधगिरी बाळगावी. स्पर्धांना नमुने कंपन्या स्वतः, शुल्क भरून पाठवतात. ज्यांनी पाठवले नाहीत त्या स्पर्धेत नसतातच. पदक बहुधा ठरावीक गुण मिळाले की मिळते, पहिला-दुसरा असा क्रम लागत नाही, त्यामुळे एका गटात अनेक सुवर्णपदके असू शकतात. ‘सुवर्णपदक विजेती’ असे लिहिताना कोणत्या वर्षी आणि कोणत्या गटात, हे जोडावे.

शेवटी बाटली. ती उभी ठेवावी, आडवी ठेवली की जास्त मद्यार्काने बूच झिजते. उजेड आणि ऊन टाळावे. उघडल्यावर पहिले दोन-चार दिवस काही व्हिस्की घट्ट, मिटलेल्या वाटतात आणि मग सैलावतात. बाटली एक तृतीयांशावर आली की आतल्या हवेने हलके वास उडू लागतात आणि काही महिन्यांत चव सपाट होते, धुराचा तोरा तर आधी उतरतो. तेव्हा उरलेली व्हिस्की छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवावी. आज उघडलेली आणि वर्षभर निम्मी पडून असलेली अशा दोन बाटल्यांची तुलना करून डिस्टिलरीची ‘प्रत घसरली’ म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून प्रत्येक परीक्षणाखाली बारीक टाइपात दोन ओळी याव्यात, फार जागा लागत नाही. नमुना असा: ‘58.2 टक्के, पहिल्या भरणीचे बर्बन पीप, गार गाळणी नाही, रंग नाही, बॅच अमुक. बाटली नऊ दिवसांपूर्वी उघडलेली, तीन चतुर्थांश भरलेली. नमुना कंपनीकडून आलेला. ग्लेनकेर्न, 20 मिली, आधी कोरी, मग 5.9 मिली पाण्याने 45 टक्क्यांवर. लेबल झाकून चाखली, पाच नमुन्यांच्या रांगेत तिसरी; लपलेल्या जोडात फरक दोन गुणांचा.’ परीक्षकांकडून या ओळी आल्या नाहीत, तर गुणांचा आकडा वगळून नुसते वर्णन छापावे.

आपले,
चव आणि वास तपासण्याचे काम करणारे काही वाचक